आतून लावलेली कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे, आणि तीही न्हाणीघराच्या दाराची. हसा मित्रांनो, खुशाल हसा! पण माणूस एकटा असताना कसा असतो, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

मला या दारावर बसवलं ते या घरच्या काकांनीच; ते स्वतः सुतार. चार स्क्रू असे पिळले की वीस वर्षांत मी तसूभर हलले नाही. मी लागले की आत त्यांचं गाणं सुरू. बेसूर, पण दणदणीत! बाहेरून लेक ओरडायची, "बाबा, पुरे! शेजारी ऐकतायत."

मग काकांचं हृदय आजारी पडलं. दवाखान्यातून ते घरी आले ते कायमच्या गोळ्या घेऊनच. काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "अहो, आतून कडी लावायची नाही हं. काही झालं तर?" त्यांचंही चुकलं नव्हतं. पण तेव्हापासून दर दोन मिनिटांनी दारावर थाप पडू लागली. "बरे आहात ना?"

"बरा आहे गं," काका म्हणायचे. आत मात्र नळ सोडून, छातीवर हात ठेवून ते ठोके मोजत बसायचे. गाणं बंद झालं. मीही पडून पडून काळवंडले.

एका सकाळी त्यांनी मला धरलं आणि खट्कन सरकवलं. बाहेर काकूंचं धाबं दणाणलं. "अहो, काय करताय? उघडा आधी!"

"दोन मिनिटं दे मला," काका म्हणाले, आणि दाराला टेकून हमसून हमसून रडले. मूठ माझ्यावरच होती. तिच्यातून त्यांचे ठोके मला जाणवले. काय सांगू! जन्मापासून एक दिवस सुट्टी न घेतलेलं ते थकलेलं हृदय, एवढ्या भीतीतही चाललंच होतं. मी थक्क झाले.

मग त्यांनी मला मागे सरकवलं. "मला भीती वाटते गं. रोज. झोपायचीसुद्धा."

काकू उंबऱ्यातच बसल्या. "मलाही वाटते. म्हटलं, बोलले तर तुम्ही खचाल."

ओल्या पायपुसण्यावर बसून दोघं कितीतरी वेळ बोलले. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे आधीच सांगायचं! मनाचं दुखणंही याच आजारातलं आहे. त्यावरही उपाय करू."

आता काका दार नुसतं लोटतात. थापही पडत नाही. मी बिनकामाची झाले, आणि खरं सांगते, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरी असं कोणी असेल, तर गोळी घेतली का, एवढंच विचारून वळू नका. भीती वाटते का, तेही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत दाराशी थांबा.