सालपे घाटाखालचा ब्रेक

उंब्रजजवळच्या त्या दूध प्रकल्पात सव्वीस टँकर होते आणि सव्वीस टँकरांचे ड्रायव्हर एकाच माणसाला वचकून असत. उदयसिंह सुभेदार. अठ्ठावीस वर्षं फौजेत गाड्या चालवल्या, बर्फाच्या रस्त्यांवरून ताफे नेले. निवृत्त होऊन गावी आल्यावर घरच्या उसात त्यांचं मन रमेना. प्रकल्पाच्या मालकांनी बोलावलं आणि त्यांनी वाहतुकीचं सगळं काम अंगावर घेतलं.

त्यांना येऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच साईराज नावाचा ड्रायव्हर गेला. हायवेवर कुणाची तरी जीप बंद पडली होती. ढकलायला हात लावावा म्हणून साईराजनं टँकर कडेला घेतला, खाली उतरला आणि मागून आलेल्या ट्रेलरनं त्याला उडवलं. त्याच्या घरी निरोप घेऊन सुभेदार स्वतः गेले होते. तिथून परत आले ते काही ठरवूनच.

महिन्याभरात प्रत्येक टँकरमध्ये काचेपाशी एक काळी पेटी बसली. वेग वाढला, अचानक ब्रेक मारला, चालवताना फोन घेतला, ठरलेला थांबा सोडून गाडी उभी केली, की पेटी पिपी करायची आणि गुण कापायची. नियमांचा कागद सुभेदारांनी स्वतःच्या हातानं लिहिला. त्यातलं एक वाक्य असं होतं: ‘वाटेत गाडी थांबवायची नाही, चहाला नाही, ओळखीच्या माणसाला नाही, कुणाच्या मदतीलाही नाही.’

ड्रायव्हर कुरकुरले. पण त्यानंतर दोन वर्षांत एकही अपघात झाला नाही. डिझेल कमी लागू लागलं, टायर जास्त चालू लागले. दुसऱ्या दूध संघांची माणसं बघायला यायची. सुभेदार वरवर काही बोलत नसत, पण मनातून सुखावलेले असत.

त्या सगळ्यांत जोतीराम वेगळा होता. आटपाडीकडच्या एका वाडीचा, चाळिशीचा, अबोल गडी. त्याच्या वाडवडिलांचा जन्म मेंढरांमागं गेला. हा पहिला, जो चाकावर बसला. लोणंदच्या संकलन केंद्रातून दूध भरून सालपे घाट, वाठार, सातारा करत उंब्रजला आणायचं, ही त्याची रोजची लाईन. डोक्यावर भरलेली घागर असल्यागत तो टँकर चालवायचा. सलग आठ महिने गुणांच्या फळ्यावर पहिलं नाव त्याचंच होतं.

मे महिन्यात वर्षातला उत्तम ड्रायव्हर म्हणून त्याचा सत्कार करायचं ठरलं. त्याआधी सुभेदारांनी त्याला ऑफिसात बोलावलं. एप्रिलचा तक्ता समोर होता.

“ये रं, बस. ह्या महिन्यातबी पहिलाच हायस,” सुभेदार हसत म्हणाले. “पण एक डाग लागलाय बघ. अचानक ब्रेक, एक. तुझ्या नावावर वर्षात न्हवता असला. काय झालं, कुत्रं आडवं आलं काय?”

जोतीराम बसला नाही. टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

“कुत्रं न्हवतं साहेब. माणूस हुता.”

“धडकला?”

“न्हाई, न्हाई. आधीच पडलेला. घाट उतरून वाठारच्या अलीकडं. मोटरसायकल चारीत, ह्यो कडंला. दुपारचं दोन वाजलेलं, ऊन असलं की रस्त्याला चिटपाखरू न्हाई. त्यानं माझी गाडी बघितली आन् हात वर केला.” जोतीरामनं स्वतःचा उजवा हात अर्धा वर केला आणि लगेच खाली घेतला. “म्या ब्रेक मारला साहेब. पाय आपसूक गेला. तवर पेटी वाजली.”

“मग?”

“मग म्या पाय काढला.”

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी टँकर धुत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

“फोन तरी करायचा रं!”

“चालवताना फोन घेतला की पेटी वाजती. म्हनलं, साताऱ्याच्या थांब्यावर जाऊन ॲम्ब्युलन्सला करू. केला. तितनं सांगितलं, त्या ठिकाणी गाडी कवाच गेलीया. मला वाटलं, वाचला आसंल. चार दिसांनी वाठारच्या चौकात बोर्ड लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटू त्योच.”

“आन् हे तू आज सांगतोयस?”

“तुमी आज इचारलंत.”

अचानक ब्रेक लागला की आधीची आणि नंतरची काही सेकंदं पेटी आपोआप साठवून ठेवत असे. पहिल्या नंबरच्या ड्रायव्हरची ती चित्रफीत बघावी असं कुणालाच वाटलं नव्हतं. जोतीराम गेल्यावर सुभेदारांनी दार लावून ती उघडली. पांढराफटक रस्ता, बाभळी. कडेला निळा सदरा. हात वर होतो. वेगाचा आकडा अठ्ठावन्नवरून अठरावर येतो, क्षणभर तिथंच रेंगाळतो आणि पुन्हा वाढत जातो. अकरा सेकंद. सुभेदारांनी ती सहा वेळा पाहिली. जोतीरामचा पाय त्यात दिसत नव्हता. पण तो उचलायला लावणारं वाक्य कुणी लिहिलं होतं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

सत्कार पुढं ढकलला. दुसऱ्या दिवशी जोतीराम म्हणाला, “साहेब, मी त्येंच्या घरी जाऊन सांगनार हाय. त्याबिगर मला चालवता यायचं न्हाई.”

“एकटा जाऊ नगंस,” सुभेदार म्हणाले. “मीबी येतो. ते तुझ्या एकट्याचं न्हाई.”

घर सापडायला वेळ लागला नाही. मेलेल्याचं नाव धनाजी. पस्तिशीचा, लोणंदच्या बाजारात कांद्याचा व्यापार करायचा. वाठारपासून आत एका वाडीत पत्र्याचं घर, दारात शेवगा. त्याची आई बनुबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. बायको दीपमाला आतून पाणी घेऊन आली. माणूस जाऊन महिना होऊन गेला होता, तरी येणारं-जाणारं अजून असावं. कोण, कुठले, हे तिनं विचारलंच नाही. सतरंजी अंथरली, चहा ठेवला.

“आमी ह्याच रस्त्यावर असतो,” सुभेदार म्हणाले. “दुधाच्या गाड्यांवर. कळलं, म्हणून आलो.”

दीपमालानं पदर सावरला. एकच गोष्ट पुष्कळ वेळा सांगून माणूस जसा सावकाश सांगू लागतो, तसं ती सांगू लागली. “ढोर आडवं आलं म्हनत्यात. पर एक बरं झालं बघा. जागेवरच गेले. येक क्षनबी तरास झाला न्हाई. दवाखान्यात नेनाऱ्या लोकांनीच सांगितलं तसं. तेवढाच इसावा हाय जिवाला. न्हाईतर उन्हात तडफडत, पानी मागत पडले असते, तर मी काय केलं असतं?”

जोतीरामनं हातातला चहा प्यायलाच नाही. त्यानं कपबशी खाली ठेवली. तोंड उघडलं. सुभेदारांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. फौजेत आणि फौजेबाहेर त्यांनी कितीतरी हुकूम दिले होते; एवढा जड हुकूम कधी दिला नव्हता. जोतीरामनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मान खाली घातली. शेंगा फोडणारे बनुबाईचे हात थांबले होते.

“व्हय ताई,” तो म्हणाला. “तरास झाला नसंल.”

चहा कसाबसा संपवून दोघं उठले. दीपमाला कपबश्या घेऊन आत गेली. बनुबाई मात्र त्यांच्या मागोमाग शेवग्यापर्यंत आली. वाकलेली, पण नजर धारदार. तिनं जोतीरामचा दंड धरला.

“लेकरा, तू बघितलंस व्हय माझ्या धनाजीला?”

सुभेदार काही बोलणार, तोच ती त्यांच्याकडं न बघताच म्हणाली, “तुमी गप ऱ्हावा दादा. मी त्याला इचारतीया.”

जोतीराम तिथंच मातीत बसला. “व्हय आई. त्यानं हात वर केला हुता. मी थांबलो न्हाई.”

म्हातारी हलली नाही. दंडावरची पकड सुटली नाही की घट्टही झाली नाही.

“बोलला काय?”

“काच लावलेली हुती. ऐकू आलं न्हाई.”

“डोळं उघडं हुतं?”

“व्हय.”

“मला वाटलंच हुतं,” ती म्हणाली. “माती हुती त्याच्या मुठीत. मीच काढली. जागेवर गेलेला मानूस माती कशाला धरंल?” तिनं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे थरथरत राहिले. आवाज आला नाही. सुभेदार हात जोडून म्हणाले, “आई, थांबायचं न्हाई, असा नियम माझा हुता. शिव्या द्यायच्या तर मला द्या.”

“शिव्यांनी काय हुतंय?” तिनं डोळे पुसले. “सुनंला ह्यातलं कळू देऊ नगा. तिचं वय हाय अजून. माझं मी बघीन. जावा आता. आन् परत येऊ नगा. तुमाला बघितलं की मला त्यो हात दिसंल.”



सुभेदारांनी नियम बदलला. कुणी पडलेलं दिसलं तर गाडी रस्त्याबाहेर घ्यायची, दिवे लावायचे, मागं त्रिकोण ठेवायचा, फोन करायचा, जमेल ती मदत करायची. गुण कापले जाणार नाहीत. कसं थांबलं म्हणजे साईराजगत होणार नाही, हे त्यांनी सव्वीस जणांना आवारात करून दाखवलं. हे सगळं दोन वर्षांपूर्वीही शिकवता आलं असतं, असं शिकवताना त्यांना वाटत राहिलं.

जोतीरामचे गुण मात्र घसरू लागले. जूनमध्ये एकोणीस अचानक ब्रेक. जुलैमध्ये चौतीस. प्रत्येक चित्रफीत सुभेदार स्वतः बघत. बांधावर वाळत घातलेलं लुगडं दिसलं, जोतीराम थांबला. खताचं रिकामं पोतं दिसलं, थांबला. झाडाखाली झोपलेल्या मेंढक्याला हलवून जागं केलं. तो बिचारा दचकून उठला. एकदा पाठीमागची एसटी टँकरवर येता येता वाचली. तिच्यात चाळीस माणसं होती.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुभेदारांनी त्याला बोलावलं. काय बोलायचं ते सकाळपासून ठरवत होते. आयत्या वेळी तक्ता नुसता पुढं सरकवला.

जोतीरामनं तो वाचला नाही. “ठावं हाय साहेब. एसटी दिसली हुती आरशात,” तो म्हणाला आणि खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. “भाऊ मेंढरं राखतोय. जाईन त्याच्याकडं.”

“हितं आत काम देतो की. डेअरीत.”

“नगं. टँकर डोळ्यांम्होरं नगंत.”

तो दारापर्यंत गेला, थांबला आणि वळला.

“लोणंदची लाईन कुनाला देनार?”

“कृष्णातला.”

“त्याला सांगा, घाटाच्या तिसऱ्या वळनावर सकाळी शेरडं असत्यात, हॉर्न मारू नगंस, बुजत्यात. पुलाच्या अलीकडं डांबर खचलंय, तितं दूध हिंदळतंय. आन् शाळा सुटायच्या टायमाला देऊर गावात हळू. पोरी हातात हात धरून सगळा रस्ता अडवत्यात.”

सुभेदारांनी कागद ओढला आणि एकेक गोष्ट लिहून घेऊ लागले. जोतीराम सावकाश सांगत होता, मधे थांबत होता, पुन्हा आठवून सांगत होता, आणि लिहिणाऱ्याला मान वर करून त्याच्याकडं बघता येत नव्हतं.