क्रोशाचा रुमाल गेला पेटीच्या डोक्यावर

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि जळक्या स्वभावाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. सर्बियातल्या निश शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यात तीस वर्षं परमा मीच ओळखला. आमच्या परिचारिकेने, मिलुन्काने, खास माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला होता. मग खिडकीशी तपासणीची पांढरी पेटी, म्हणजे जंतूंची जनुकं ओळखणारं नवं यंत्र, आली आणि आठवड्याभरात रुमाल तिच्या डोक्यावर गेला. माझ्या नशिबी प्लास्टिकची पिशवी.

अशात वेल्को आला. लघवीला जळजळ, आणि रादाशी लग्न महिन्यावर.

"डॉक्टरबाई, रादाने नि मी नुसतं तोंडानेच केलंय," तो म्हणाला. "शिवाय नंतर ती राकियाच्या गुळण्या करते. आजोबांच्या भट्टीची."

"आजोबांच्या दारूने रोग मेले असते, तर मी उपाशी मेले असते," डॉक्टर देसांका म्हणाल्या.

त्यांनी काच माझ्याखाली ठेवली. परमा नव्हता. वेल्को खूश, मीही फुगलो. पण देसांका म्हणाल्या, "याला सगळंच दिसत नाही." आणि नमुना पेटीत गेला. पेटी तोंडावर पडावी, असं मला मनापासून वाटत होतं.

पेटीने क्लॅमिडिया दाखवला. मग रादालाही बोलावून तपासलं, तर तिच्या घशातही तोच निघाला. तिला साधी खवखवही नव्हती.

वेल्कोचा चेहरा उतरला. "कोण होता तो?" त्याने तिला विचारलं. "लग्न विसर." तो माझ्यासारखाच जळत होता, म्हणून मला ओळखू आलं.

"हा घशात महिनोन्‌महिने गप्प बसतो," देसांका म्हणाल्या. "कोणाकडून कोणाला गेला, ते पेटीलाही कळत नाही."

रादा म्हणाली, "माझा आधी एक होता. तुझ्या तर दोघी. आता भांडायचं की गोळ्या घ्यायच्या?"

वेल्कोने गोळ्यांसाठी हात पुढे केला, आणि दुसरा हात तिच्या हातात दिला.

त्या दिवशी माझ्यावर विसंबून तो घरी गेला असता, तर रोग लग्नाच्या मांडवात बसला असता. तेव्हा मित्रांनो, तोंडानेही रोग जातो. निरोध वापरा, घसाही तपासून घ्या, लाजू नका. आणि त्यासाठी माझ्याकडे नको, त्या पेटीकडेच जा.

फक्त जाता जाता तिचा रुमाल जरा वाकडा करा.