फादरांचा पहिला साप

या, जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू येऊ द्या. आज सांगते ती एका भित्र्या धर्मगुरूची आणि त्याच्याहून भित्र्या सापाची गोष्ट. हसलात तरी चालेल, आमच्या गावचे संत दोमेनिको रागावत नाहीत.

फादर एर्मेते आमच्या डोंगरात आले ते सपाटीवरच्या शहरातून. प्रवचन करता करता मध्येच ते गाऊ लागत, आणि असं गात की चौकात सिगारेट ओढणारे पुरुषसुद्धा टोप्या काढून आत येत. त्यांच्या एका आळवणीपायी मी चुलीवरचं मटण करपू दिलंय. पण मे महिन्याच्या एक तारखेला आमच्याकडे संत दोमेनिकोंच्या मूर्तीवर जिवंत साप चढवून मिरवणूक निघते, आणि मूर्तीपुढे फादरांनी हातात साप घेऊन चालायचं असतं. हे कळल्यापासून त्यांना ताप येऊ लागला. थर्मामीटर लावला की उतरायचा, कुणी सापाचं नाव काढलं की चढायचा. एप्रिलच्या मध्यावर त्यांच्या टेबलावर मला त्यांनी बिशपांना लिहिलेला बदलीचा अर्ज दिसला. फक्त तिकीट चिकटवायचं राहिलं होतं.

हा गळा गेला तर रविवारी ऐकायचं काय? मी तडक आर्मिदा मावशीकडे गेले. साठ वर्षं साप धरणारी बाई. धरलेल्या सापांची मडकी ओळीने मांडून बसली होती.

"मावशी, फादरांसाठी एक साप दे. दोन आठवडे घरी पाळतील, सवय होईल. लहानसा बघ, आणि गरीब."

"लहान की गरीब? एक काय ते ठरव."

"दोन्ही नाही मिळत?"

"अगं पिना, हा मोठा चार पट्ट्यांचा तुझ्या नवऱ्यासारखा. ऊन मिळालं की पडला. आणि हा काळा सडपातळ माझ्या जावेसारखा, विचारायच्या आधीच चावतो."

"मग मोठाच दे."

"मोठा पाहिला तर तुझे फादर खिडकीतून उडी टाकतील!"

तिने तीन मडक्यांत हात घातला, पुटपुटली, आणि शेवटी बोटाएवढा जाड, पिवळ्या गळपट्टीचा एक काढला. "हा जन्मात चावायचा नाही. याची एक खोड आहे, पण ती मी सांगणार नाही."

आम्ही दोघी गेलो तेव्हा फादर घोंगडी लपेटून बसले होते. "आज नको, मावशी. अंगात कणकण आहे."

"तापात गार वस्तू बरी," म्हणत तिने साप त्यांच्या ओंजळीत ठेवलासुद्धा.

साप थरथरला. खोलीभर घाण वास सुटला. मग तो उताणा झाला, तोंड वासलं, जीभ लोंबली. खलास.

"मारला!" फादर पांढरेफटक पडले. "संतांचा साप मी मारला!" त्यांनी त्याला जमिनीवर ठेवलं, गुडघे टेकले आणि मृतांसाठीचं स्तोत्र सुरू केलं. काय गायले हो! मी रडले. मावशी खिडकीकडे तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते.

स्तोत्र संपल्यावर फादरांनी दोन बोटांनी त्याला अदबीने पालथा केला. तो पटकन पुन्हा उताणा. त्यांनी परत सरळ केला, तो परत उताणा! तिसऱ्यांदा फादर थांबले.

"मावशी, मेलेला कधी एवढा हट्ट करतो?"

"मेलेला नाही करत. मेल्याचं सोंग घेतलेला करतो. भ्यायला की मरतो बिचारा. काहींना ताप येतो."

फादरांनी आपल्या घोंगडीकडे पाहिलं. कान लाल झाले. मग ते सापावर वाकले. "अरे, मला भ्यायलास? मला? मला तर गाणाऱ्या पोरांतलं एकही भीत नाही!" आणि असे हसले की सापाने जीभच आत घेतली. घोंगडी खुर्चीवर टाकून त्यांनी त्याला उचललं. "खातो काय हा?"

"बेडूक. नाही खाल्ला तर घोर नको. सण झाला की ओढ्याकाठी सोडा."

मिरवणुकीत तो साप फादरांच्या बाहीत होता. वास असा की बँडवाले दहा पावलं मागून चालत होते. फादर मात्र चढण संपेपर्यंत गात राहिले. अर्ज गेलाच नाही.

आर्मिदा मावशी आता नाही. कुणाच्या गाण्याने तुमचे डोळे भरून आले, तर गाणाऱ्याचं कौतुक कराच. पण वरच्या आळीतल्या पास्क्वालेच्या मुलीसाठी, म्हणजे आमच्या या मावशीसाठीही एक प्रार्थना म्हणा. ती माणूस बघून साप निवडायची.