रिकामी झाल्याची हाक

त्या संध्याकाळी बाबांनी बंदुकीच्या नळीत किटलीतलं पाणी ओतलं. "आत बार आहे. कुणाच्या आज्याने ठासलाय, देव जाणे," ते म्हणाले. ठासणीची जुनी बंदूक; गिऱ्हाइकाला ती दिवाणखान्यात टांगायची होती. घोड्याखालची ठिणगी पाडणारी टोपी त्यांनी आधीच काढली होती. आता घोड्याला लाल चिंधी बांधली. चिंधी म्हणजे भरलेली, हात लावायचा नाही.

"आज हाक नाही. रात्रभर भिजू दे, उद्या काढू." मग माझ्या भाजीच्या मिठावरून थट्टा करत जेवले.

हाक ही आमच्या घरची रीत. बंदूक मोकळी झाली की भिंतीपलीकडच्या बंदूक-दुरुस्तीच्या कारखान्यातून ते ओरडत, "रिकामी झाली!" भिंतीच्या अलीकडे मी पुस्तक उघडून बसलेली असे. हाक येईपर्यंत एक ओळ डोक्यात शिरत नसे.

सकाळी ते उठले नाहीत. जन्मभर मी एका आवाजाची धास्ती घेतली होती, आणि ते आवाज न करता गेले.

पुढच्या आठवड्यात काकांनी कारखाना आवरला. मी पाहिलं तर बंदूक कोपऱ्यात उभी, पुसलेली, आणि घोडा उघडा.

"काका, चिंधी कुठाय?"

"ती मळकी? फेकली. उद्या गिऱ्हाईक यायचंय, बरं दिसतं का ते?"

"बाबांनी बार काढलाच नव्हता."

"अगं, पाणी ओतलंय ना? बुडालेली बंदूक काय डोंबल उडणार!"

"दारू वाळली की पुन्हा पेटते. तुम्ही बाहेर बसा बघू."

"बापावर गेलीस." दारात ते थबकले. "जपून गं."

बाबा जेवताना सांगायचे तसा मी ठासणीचा गज नळीत सोडला, तोंडाशी खडूची खूण केली, मग तोच बाहेरून नळीला लावून पाहिला. खूण तोंडाशी धरली, तर गजाचं टोक बुडाच्या चार बोटं अलीकडेच. भरलेली. पुन्हा पाणी ओतलं आणि थांबले. थांबणं जमेना. कानशी ओळीने लावल्या, विस्कटल्या. किटली विसळली. दाराची कडी पुन्हापुन्हा पाहिली.

ऊन उतरल्यावर बंदूक शिकंज्यात आवळली, तोंड वाळूच्या पोत्यांकडे. बाजूला उभी राहून गजाच्या टोकाचं मळसूत्र हळूहळू फिरवलं. छर्ऱ्यांवर ठासलेला बोळा अडकला, सुटला, परत अडकला. तो निघाला तसे छर्रे घरंगळले. मग दुसरा बोळा, मग दारूचा काळा चिखल. त्यातला एक खडा बोटाने दाबला तर आतून कोरडा होता. पुन्हा पाणी, पुन्हा गजाला फडकं गुंडाळून पुसणं, पाणी नितळ येईपर्यंत. आता गज थेट बुडाला टेकला.

"रिकामी झाली!"

"ऐकलं गं," बाहेरून काका म्हणाले.

मी बाबांच्या स्टुलावर बसले. भिंतीच्या या बाजूला मी कधी बसलेच नव्हते.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "मला फार भीती वाटायची हो. दर वेळी."