पांढरी राहिलेली ओळ

अन्वीच्या शाळेतून फोन आला तेव्हा जयंतला वाटलं, पोरीनं पुन्हा कुठेतरी सायकल ठोकली. गेल्या वर्षी ठोकली होती. दिवसभर गाड्यांच्या ब्रेकची गणितं मांडून पोट भरणाऱ्या माणसाच्या मुलीला ब्रेक लावता येऊ नये, यावरून ऑफिसात त्याची भरपूर थट्टा झाली होती. पण तो शाळेत पोचला तर अन्वी वर्गात सुखरूप होती. तिच्या जर्मनच्या बाई, फ्राऊ केलर, समोर दोन कागद घेऊन बसल्या होत्या, शेजारी शाळेची समुपदेशक. दोघींचे चेहरे मयताला आल्यासारखे.

"हे अन्वीनं लिहिलंय," फ्राऊ केलर म्हणाल्या. "विषय होता, मी कोणालाच न सांगितलेली गोष्ट."

जयंतनं वाचायला घेतलं. वडील संध्याकाळी घरी येतात आणि चपला काढायच्या आधी कमरेचा पट्टा काढतात. मी कॉटखाली शिरते. ते मला पायाला धरून बाहेर ओढतात. पाठीवर मोजून बारा. बक्कल ओठाला लागतं, दात हलतो. रक्त गिळायचं, कारण फरशीवर सांडलं तर आणखी चार. आई स्वयंपाकघरात नळ मोठा सोडते, म्हणजे तिला ऐकू येत नाही.

आणि मग ती ओळ आली. पट्टा खुंटीवर असायचा, पण घरात सगळ्यांत मोठा तोच होता.

ही ओळ त्याची होती! चार वर्षांपूर्वी 'उंबरकर' या खोट्या नावानं चालवलेल्या ब्लॉगवर त्यानं ती लिहिली होती. तिच्यासाठी सहा दिवस घासले होते, आणि नागपूरच्या कोणा वाचकानं 'ही ओळ काळजात रुतली' असं खाली लिहिलंही होतं. त्याचे वाचक जेमतेम चाळीस, पण ओळ त्याचीच. खरं सांगायचं तर त्याला आधी भीती वाटलीच नाही, आधी संताप आला. घर पेटलेलं असताना माणसाला कपाटातली लग्नातली शाल आठवावी, तसला हा प्रकार.

"हे तिचं नाही. माझं आहे. माझ्या लहानपणाचं. तिनं चोरलंय."

"मिस्टर कानिटकर," समुपदेशक शांतपणे म्हणाली, "तसं असेल तर दाखवा. आम्हाला युगेंडआम्टला कळवावंच लागतं. आज चार वाजता त्यांच्या दोघीजणी तुमच्या घरी येतील, अन्वीशी एकटीशी बोलतील."

युगेंडआम्ट म्हणजे वेळ पडली तर मुलांना घरातून घेऊन जाणारं जर्मन सरकारचं खातं. त्याच्या गोष्टी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर भुताच्या गोष्टींसारख्या फिरत.

"आणि तीन आठवडे ती खेळाच्या तासाला बसून राहते," फ्राऊ केलर जाता जाता म्हणाल्या. "पाय दुखतात म्हणते." ते त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं.

त्सुफेनहाउझेन या उपनगरातल्या घरी नाना बाल्कनीत चिमण्यांना पोळीचा चुरा घालत बसले होते. नाना म्हणजे जयंतचे वडील, कराडच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीला आलेले. दोन महिने झाले होते. जयंतची बायको शुभदा सोमवार ते गुरुवार ड्युसेलडॉर्फला कामावर असे, जयंत सहाला परते, त्यामुळे दुपारी नातीचं गणित नाना बघत. 'पाया कच्चा आहे पोरीचा, पक्का करून देतो,' म्हणाले होते. बाप बदलतो यावर जयंतचा विश्वास नव्हता. पण आजोबा हा वेगळा माणूस असतो, असं त्यानं स्वतःला पटवलं होतं. तिकीटही त्यानंच काढलं होतं.

दीड वाजता अन्वी आली. चौदा वर्षांची, दातांना तारा, आणि भर जूनमध्ये पायांत लोकरी मोजे. जयंतनं तिला स्वयंपाकघरात घेतलं आणि शाळेतून आणलेली निबंधाची प्रत ओट्यावर आपटली.

"कुठून उचललंस हे?"

तिनं कागद बघितला आणि नेहमीसारखं जर्मनमध्ये उत्तर दिलं. टॅब्लेटवर त्याचा ब्लॉग उघडा राहिला होता, तिनं फोनवरून भाषांतर करून घेतलं. "आले माखेन दास," ती खांदे उडवून म्हणाली, म्हणजे सगळेच करतात.

"सगळेच करतात? तो मार मी खाल्लाय! एक शब्द लिहायला मला तीस वर्षं लागली, आणि तू तो गृहपाठ म्हणून खपवतेस? चार वाजता माणसं येतायत तुला न्यायला, अक्कल आहे का?"

"मला काहीतरी सांगायचं होतं, आल्झो..." तिनं तोंड उघडलं.

तिचं ते आल्झो, म्हणजे नुसतं 'तर', त्याला उर्मटपणाचं वाटलं. तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्यानं तिच्या फाडकन मुस्काटात मारली. अन्वी फ्रिजवर आदळली. दातांची तार ओठात घुसली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. ब्लॉगचा शेवट त्यानं 'माझ्या मुलीवर मी कधी हात उगारला नाही' असा केला होता, आणि तो शेवट आता खोटा झाला होता. पोर रडली नाही. फरशीवर रक्त सांडू नये म्हणून तिनं हनुवटीखाली तळहात धरला आणि आवंढा गिळला.

"शाबास!" बाहेरून नाना म्हणाले. "उशिरा का होईना, बाप झालास."

जयंत बाल्कनीकडे वळला. पण घड्याळात दोन वाजले होते. अन्वी खोलीत निघून गेली. तो टेबलाशी बसला, ब्लॉग छापून घेतला, निबंध शेजारी ठेवला आणि पिवळा मार्कर उघडला. चोरी ओळीगणिक सिद्ध करायची होती. जे ब्लॉगमधून घेतलंय ते पिवळं. कॉटखाली, पिवळं. मोजून बारा, पिवळं. बक्कल, दात, नळ, पिवळं. कागद हळद लागल्यासारखा होत गेला, आणि शेवटच्या परिच्छेदात एक ओळ पांढरी राहिली.

'सतराचा पाढा म्हणायचा, आणि चुकला की तळपायावर, कारण तळवे कोणी बघत नाही.'

साडेतीनपर्यंत त्यानं ब्लॉग तीनदा चाळला. ही ओळ त्यात नव्हती. असणारच नव्हती. तळव्यांचं त्यानं कधी लिहिलंच नव्हतं, शुभदालासुद्धा सांगितलं नव्हतं. एकदा सतराच्या पाढ्याला, घरी पाहुणे असताना, त्याची चड्डी ओली झाली होती, आणि ती लाज तो सरणावर सोबत नेणार होता. तळव्यांची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक तो. दुसरे बाल्कनीत चिमण्यांना चुरा घालत होते.

तो अन्वीच्या खोलीत गेला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"मोजे काढ."

"नाइन," तिनं नकारार्थी मान हलवली.

"अन्वी, काढ बाळा."

तिनं काढले. तळव्यांवर आडवे वळ होते, काही काळेनिळे, काही हिरवट झालेले, दोन ठिकाणी कातडी फाटून खपली धरलेली. दाराशी खुंटीला बूट घालायचा लांब लोखंडी चमचा असे. वळांची रुंदी तेवढीच होती.

"सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत बरोबर येतं, बाबा," ती म्हणाली. मराठीत. "पुढे चुकतं."

"मला का नाही सांगितलंस?"

यावर ती पुन्हा जर्मनवर गेली. तूच म्हणाला होतास, आजोबा म्हणून नाना वेगळे आहेत. मला लिहायला जमत नव्हतं. तुझं सापडलं.

खुंटीवरचा चमचा त्यानं कधी हातात घेतला ते त्याला कळलं नाही. नाना खुर्चीतून वळून बघत होते.

"अरे जयंता, असा काय बघतोस? फुलाच्या पाकळीएवढं लागलंय तिला. तू नाही झालास इंजिनिअर?"

पहिला फटका बाल्कनीच्या काचेवर बसला. काच तडकून खाली आली, चिमण्या उडाल्या. दुसरा नानांच्या दंडावर बसला आणि हाड वाजलेलं जयंतला ऐकू आलं. म्हातारा खुर्चीसकट कोसळला. त्यानं गचांडी धरून बापाला भिंतीशी उभं केलं. "म्हणा! सतरा आठे किती? म्हणा!" नानांचे ओठ नुसतेच हलले, कवळी गळून खाली पडली. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं कानाशी, अंगाचं मुटकुळं. जयंतला हे मुटकुळं चांगलं माहीत होतं. तो कॉटखाली असंच करायचा. त्यानं तिसऱ्यांदा हात उचलला.

दारात अन्वी उभी होती. तिनं कान दाबून धरले होते आणि ती बापाकडे बघत होती, आजोबाकडे नाही.

त्यानं चमचा टाकला. तेवढ्यात चार वाजले आणि बेल वाजली.

युगेंडआम्टच्या दोघी आत आल्या. त्यांनी काच बघितली, दंड धरून भिंतीशी बसलेला म्हातारा बघितला, मुलीचा सुजलेला ओठ बघितला. एकीनं लगेच ॲम्ब्युलन्सला फोन लावला. जयंतनं टेबलावरचे कागद दुसरीच्या हातात दिले. अजूनही सुटता आलं असतं. निबंध नक्कल आहे, मुलीचा ओठ दारावर आपटला, म्हातारा काचेवर पडला. नानांनी आयुष्यभर हेच केलं होतं आणि गावानं त्यांचा सत्कार केला होता.

"पिवळं आहे ते माझं," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी मला मारलं, ते. तिनं माझ्या ब्लॉगवरून घेतलं."

"म्हणजे तिला कोणी मारलेलं नाही?"

"ही पांढरी ओळ तिची आहे. ते यांनी केलं. तिचे पाय बघा." मग त्यानं स्वतःचाच हात पुढे केला, जणू त्यावर पुरावा होता. "ओठ मी फोडला. आज दुपारी. यांचा दंडही मीच."

बाईनं ते सगळं लिहून घेतलं. आज अन्वी आमच्याबरोबर येईल, म्हणाली, आईला आम्ही फोन करतो. अन्वीनं दप्तर घेतलं. दाराशी बसून ती बूट घालायला लागली, पण सुजलेला पाय आत जाईना. सवयीनं तिनं खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती.

जयंत तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्यानं बुटाची नाडी पार खालपर्यंत सैल केली, जीभ बाहेर ओढली आणि तिचा पाय हळूच आत घालायला हात पुढे केला. हात जवळ आला तशी अन्वीनं पाय मागे घेतला.