गिधाडाच्या नावापुढे

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत शिकारी पक्ष्यांचं पान भरायचं काम शाळेतल्या प्रज्ञाबाईंकडे आलं होतं. स्थानिक नाव एका रकान्यात, अर्थ दुसऱ्यात. कोळीवाड्यातल्या हिरामणने निम्मं पान भरून दिलं. मासे खाते ती मीनखाई, कापसासारखी पांढुरकी ती कापशी, शेतावरून भोवऱ्यागत फिरतो तो भोवत्या.

एक ओळ मात्र प्रज्ञाने कोरी ठेवली होती. गिधाड. शब्दकोशात पाहिलं, तर मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ निघाला हावरा. तिने वही मिटली. म्हसळ्याच्या वसतिगृहात असताना एका मुलीने तिला याच नावाने हाक मारली होती. आमच्या वस्तीचं मेलेली ढोरं ओढायचं जुनं काम त्या मुलीला ठाऊक होतं. आज वीस वर्षं झाली, पण तो शब्द अजून टोचायचा.

संध्याकाळी ती भिमाआत्याकडे गेली. आत्या तिच्या वडिलांची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ओटीवर बसून वाल सोलत होती.

"आत्या, गिधाडाला आपल्यात दुसरं काय नाव होतं गं?"

"का? त्याला काय झालं?"

प्रज्ञाने अर्थ सांगितला. आत्याचे हात थांबले.

"हावरा? कोणी लिवलं ते? जित्या जिवाला कधी शिवला न्हाय तो. तुझ्या आजाला इचारायला पायजे व्हतं त्यांनी."

प्रज्ञाचे आजोबा, धाकू, ती जन्मायच्या आधीच वारले होते. घरात त्यांचा एक फोटो होता, बाकी फारसं कोणी बोलत नसे.

"मी दहा वर्षांची असंन," आत्या सांगू लागली. "बाबा दीक्षा घेऊन आले नि म्हनाले, आजपासून मेलेलं ढोर ओढायचं न्हाय. सारी वस्ती त्यांच्या मागं उभी राहिली. गाव भडकला. ढोरं कुजतील, रोगराई येईल, मग याल पाय धरायला, असं म्हनाले. विहीर बंद केली, मजुरी बंद केली. आई रडायची, म्हनायची, चार दिवस ओढा, मग बघू. त्यातच खोताचा बैल मेला. मालकांनी सोताच तो माळावर नेऊन टाकला नि वास सुटायची वाट बघत बसले."

"मग?"

"मग वरून ते आले. पन्नास-साठ असतील. आमी पोरं कुंपनाआडून बघत व्हतो. सांज व्हायच्या आत नुसती हाडं उरली. वास न्हाय, रोग न्हाय. पुढच्या ढोराचंही तेच. दोन महिन्यांनी विहीर उघडली. धमकी द्यायला गावाकडं काय उरलंच न्हवतं ना!" आत्या हसली. "बाबा गिधाडांना सोडवनारे म्हनायचे. म्हनायचे, आपन काम सोडलं, त्यांनी आपल्याला सोडवलं. हे नाव घरातच राहिलं. बाहेर कोन ऐकनार?"

प्रज्ञाच्या मनात आलं, वडील शिकले, आपण शिकलो, सरकारी शाळेत उभं राहून पोरांना शिकवतो, या सगळ्याच्या आधी कुठेतरी तो बैल होता आणि आकाशातून उतरलेली ती पाखरं होती. कुणीतरी तेव्हा कच खाल्ली असती तर? तिने आत्याचे खरखरीत हात हातात घेतले.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कधी?"

ग्रामसभेत प्रज्ञाने पान वाचून दाखवलं. गिधाडापुढे अर्थाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'कोशात हावरा. आमच्या आजोबांच्या तोंडी सोडवणारा.' कारणही तिने न अडखळता सांगितलं. मागच्या बाकावरचे तुकाराम, त्या बैलाच्या मालकाचे नातू, खाली बघत बसले. मग सावकाश उठून म्हणाले, "बाई, ते तसंच राहू द्या. खोडू नका."

रविवारी अजितने, प्रज्ञाच्या भावाने, दोघींना रिक्षातून म्हसळ्याकडच्या डोंगरात नेलं. तिथे अजून थोडी गिधाडं उरली आहेत. उंच झाडावर घरटं होतं.

"किती हायत गं? मला नीट दिसत न्हाय."

"सात, आत्या. एक पिल्लू आहे."

आत्याने चपला काढल्या आणि त्या झाडाकडे तोंड करून हात जोडले. प्रज्ञानेही जोडले.