बोयाची गाठ

जमनाबाईचा शब्द घिवलीच्या कोळीवाड्यात कोणी खाली पडू देत नसे. पडलाच, तर ती तो उचलून पुन्हा डोक्यात हाणायची. तिचा कमलाकांत पलटणीत गेला तेव्हा बायका म्हणाल्या, दर्यावरचा पोर जमिनीवर काय लढणार? "वादळात जाळं ओढतो तो कुठं पन उभा राहतो," तिनं ठणकावलं होतं.

पासष्टच्या लढाईत त्याची पत्रं येत. सून पुष्पलता ती वाचून दाखवी आणि जमनाबाई खुंटीच्या तारेत ओवून ठेवी. त्याचं अक्षर खेकड्यासारखं तिरपं चालायचं. 'उसाच्या शेतात चर खणून बसलोय. तोफा सुरू झाल्या की जमीन होडीसारखी हलते. तेव्हा आये, तुझे बोंबील वाळत घातलेत असं मनात आणतो, मग भीती जाते.' या ओळीला जमनाबाई दर वेळी हसायची आणि दर वेळी डोळे पुसायची.

लढाई थांबली आणि पत्रंही थांबली. दिवाळी उलटल्यावर एक आलं, ते उघडताच पुष्पलताचा चेहरा उतरला. अक्षर दुसऱ्याचंच, गोल गरगरीत. 'मी खुशाल आहे. काम फार, म्हणून सोबत्याकडून लिहून घेतो.'

शेजारची राहीबाई आलीच नाक खुपसायला. "मानूस गेल्यावर सोबती लिवतात गो असं. घरच्यांचा धीर सुटू नये म्हनून."

"गेला असता तर सरकारची तार आली असती! तुझ्या जिभेला काय हाड?" जमनाबाई कडाडली.

पण सूनबाईला घास गिळवेना. उठता-बसता कपाळाचं कुंकू चाचपून बघे. ते पाहून जमनाबाईच्याही मनात आलं, नवरा दर्यानं नेला होता, आता मुलगाही गेला असेल तर?

समुद्रात जाळ्यांवर तरंगणारे बोये सगळे सारखेच. म्हणून गावात प्रत्येक घराची बोया बांधायची गाठ वेगळी. दोराला हात लागला की जाळं कोणाचं ते कळतं आणि भांडण मिटतं. बाप ती फक्त मुलाला शिकवी. जमनाबाईनं नवऱ्याशेजारी बसून ती नुसती बघून उचलली होती. तिनं सुक्या जवळ्याच्या पुडीत दोरीचा तुकडा घातला आणि सुनेला लिहायला लावलं, 'घरची गाठ मारून परत धाड.'

होळीच्या तोंडावर पाकीट आलं. थोरला दीर दादू अंगणातच होता, त्यानं ती गाठ बोटांत फिरवली आणि खाली ठेवली.

"जमने, ही आपली नाय. आपला फेरा उजवीकडून येतो, हा डावीकडून. त्याची बघून दुसऱ्या कोनीतरी मारलीय."

पुष्पलता भिंतीला टेकली ती खालीच बसली.

जमनाबाईनं दोरी उचलली. टोक पिंजलेलं होतं, त्यावर दातांच्या खुणा. त्यांवरून तिनं बोट फिरवलं. मग नवी दोरी घेतली, उजवा हात पदराखाली कंबरेशी खोचला आणि डाव्या हातानं, दातांनी गाठ मारू लागली. दोर सुटायचा, ती पुन्हा धरायची. बाईचं डोकं फिरलं, असं दादूला वाटलं. अखेर गाठ बसली. तिनं दोन्ही गाठी शेजारी ठेवल्या. दोन्हींचा फेरा डावीकडून.

"माझाच हाय!" ती ओरडली आणि त्याच दमात छाती पिटून रडली. "उजवा हात गेला रे पोराचा! हात गेला, पोर हाय. पुष्पे, ऊठ. मोठं कुंकू लाव."

वैशाखात कमलाकांत घरी आला. एवढ्या उकाड्यात खांद्यावरून घोंगडी ओढलेली. ताट वाढलं तरी हात लावीना. लहानपणी डावा हात ताटाला लागला की आईचं उलथनं पाठीत बसायचं, ते तो विसरला नव्हता.

"भूक नाय," तो म्हणाला.

"घोंगडी काढ. ठाऊक हाय मला."

तो चमकला. "कोनी सांगितलं, आये?"

तिनं तारेकडे बोट केलं. पत्रांच्या खाली दोन गाठी टांगल्या होत्या. "तूच धाडलास की सांगावा."

मग आपलं ताट ओढून ती त्याच्यासमोर बसली. उजवा हात कंबरेशी खोचला आणि डाव्या हातानं भाकरी मोडली. तुकडा वाकडातिकडा तुटून कालवणात पडला. शेजारी पुष्पलतानंही उजवा हात पदराखाली घेतला.

"बघतोस काय?" जमनाबाई म्हणाली. "जेव. मासा निवतोय."